एकास-एक म्हणजे एकास पन्नास नव्हे

काल रात्री दादाने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली लिहिलं, 'तुझी नोकरी गेली बघ.' दादा डॉक्टर, मी फार्मासिस्ट. डॉक्टरांना एकेकटं गाठायचं आणि एखाद्या औषधाबद्दल किंवा उपचाराबद्दल ताजे पुरावे काय सांगतात यावर वीसेक मिनिटं बोलायचं, हे माझं काम. याला अकॅडमिक डिटेलिंग म्हणतात. रीत औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींचीच, फक्त आमच्या बॅगेत विकायला काही नसतं.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: आता सगळं ऑनलाइन आहे, तेव्हा या भेटी कालबाह्य. एक चांगला व्हिडिओ रेकॉर्ड करून सगळ्यांना पाठवला की तोच परिणाम मिळतो. फार तर पन्नास डॉक्टरांना एका लिंकवर बसवा. खर्च शून्य. डॉक्टरांनाही स्क्रीनच सोयीची.

आधी त्या व्हिडिओचं बघू, कारण सगळ्यात मोठा घोळ तिथेच आहे. १९८३ साली जेरी अ‍ॅव्हॉर्न आणि स्टीफन सौमेराय यांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक प्रयोग छापला. गरज नसताना सर्रास लिहिली जाणारी काही औषधं त्यांनी निवडली आणि ४३५ डॉक्टरांचे तीन गट केले. एका गटाला छापील माहिती टपालाने पाठवली. दुसऱ्याला छापील माहिती तर दिलीच, शिवाय प्रशिक्षित फार्मासिस्ट जाऊन भेटले. तिसऱ्याला काहीच नाही. या तिसऱ्या गटाच्या तुलनेत, भेट झालेल्या डॉक्टरांचं ती औषधं लिहिण्याचं प्रमाण १४ टक्क्यांनी घटलं. नुसतं टपाल मिळालेल्यांत दखल घ्यावी असा फरक पडला नाही. म्हणजे 'माहिती पाठवली की झालं' ही कल्पना तपासून बाद होऊन चाळीस वर्षं उलटली. रेकॉर्ड केलेला व्हिडिओ म्हणजे तेच टपाल, पोस्टमन तेवढा वजा.

दादाला विचारलं, मागच्या महिन्यात तुला असाच एक व्हिडिओ आला होता, त्याचं काय केलंस? म्हणाला, 'डाउनलोड करून ठेवलाय.'

आणि भेटीत नेमकं होतं काय? एका डॉक्टरांशी मी व्हिडिओ कॉलवर बोलत होते. कॅमेरा बंद, मधून मधून 'हं', मागे कीबोर्डची टकटक. सर्दी-खोकल्याला अँटिबायोटिक का नको याची स्लाइड मी निम्म्यात बंद केली आणि विचारलं, 'डॉक्टर, असा शेवटचा पेशंट कधी आला होता?' टकटक थांबली. कॅमेरा सुरू झाला. 'आजच. व्हायरल आहे हे मला कळत नाही का? पण रिकाम्या हाताने पाठवलं तर तो पुढच्या वेळी दुसरीकडे जातो.' अडचण ज्ञानाची नव्हतीच! मग उरलेला वेळ आम्ही त्या पेशंटला काय सांगायचं यावरच बोललो: औषध लिहून द्यायचं, पण अमुक दिवसांत उतार पडला नाही तरच घ्यायला सांगायचं, आणि कोणती लक्षणं दिसली तर लगेच परत यायचं. माझ्या स्लाइडमध्ये यातलं अक्षर नव्हतं. आता हेच पन्नास जणांच्या लिंकवर बोलून दाखवा म्हणावं. सहकाऱ्यांसमोर 'पेशंट जाईल म्हणून लिहितो' असं कोण कबूल करणार?

राहिला स्क्रीनच्या सोयीचा मुद्दा. यात तथ्य आहे, मान्य करते. वर सांगितलेला प्रसंगही स्क्रीनवरचाच. २०२०मध्ये दवाखान्यांची दारं बंद झाली तेव्हा आम्हीही कॉलवरच आलो. लांबच्या डॉक्टरांपर्यंत पोचता येतं, वेळ बदलली तर फेरी फुकट जात नाही. पण ती सोय एकास-एक कॉलची. मेसेज तिचं कौतुक करतो आणि तिच्या आडून रेकॉर्डिंग खपवतो. शिवाय दाराशी थांबल्यावर जे आपोआप कळतं, आज गर्दी किती, डॉक्टर वैतागलेत का, ते कॉलवर विचारून घ्यावं लागतं. पहिली भेट प्रत्यक्ष आणि पुढच्या कॉलवर, असं जमलं तर मला बरं वाटतं.

खर्च शून्य? प्रवासाचा, हो. वीस मिनिटांच्या भेटीमागे पुरावे चाळण्याचे, उजळणीचे, वेळ ठरवण्यासाठी चार-चार फोन करण्याचे तास असतात. ते कॉलवर आलं म्हणून कमी होत नाहीत.

आणि या भेटींनी चमत्कार होतो असा माझा दावा नाही. कॉक्रेन ही एकाच विषयावरचे अनेक वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणारी संस्था. अशा भेटींवरच्या तिच्या २००७च्या आढाव्यात ६९ अभ्यास होते, आणि डॉक्टरांच्या कामात झालेल्या अपेक्षित बदलाचा मध्यक, म्हणजे मधला आकडा, साडेपाच टक्क्यांच्या आसपास निघाला. एवढासाच. पण तो माणसाने माणसाला भेटून मिळवलेला आहे, फॉरवर्ड करून नव्हे.

हे सगळं दादाला पाठवलं. त्याचं उत्तर आलं, 'लांबलचक आहे, फोनवर सांग.'