तळपायावरची काळी रेघ

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. माझ्या लेखातल्या समुद्री गोगलगायीला नुसत्या फोटोवरून ‘फायलिडिया वेरिकोसा’ असं छातीठोक नाव देणं चूक आहे, रंग फसवे असतात, आणि डीएनए तपासल्याशिवाय समुद्री गोगलगायीची जात सांगूच नये, असं तुमचं म्हणणं. पहिल्या दोन गोष्टी मान्य. तिसरी नाही.

आधी माझी चूक. काळी पाठ, तिच्यावर निळसर करड्या उंचवट्यांच्या रांगा, उंचवट्यांची टोकं पिवळी, डोक्यावरच्या शृंगिका, म्हणजे वास टिपणारी शिंगांसारखी जोडी, त्याही पिवळ्या. एवढ्यावर मी नाव लिहून मोकळी झाले. पण फायलिडिया सीलेस्टिस वरून पुष्कळशी अशीच दिसते. दोघींमधली भरवशाची खूण पाठीवर नाही, खाली आहे. वेरिकोसाच्या तळपायावर मधोमध लांब काळी रेघ असते, सीलेस्टिसच्या नसते. माझ्या एकाही फोटोत तळपाय आलेला नाही. म्हणून लेखात आता नुसतं ‘फायलिडिया’ एवढंच ठेवलं आहे.

रंगांबद्दल तुमच्या बाजूने मीच एक पुरावा देते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या क्रोमोडोरिस या समुद्री गोगलगायींच्या दुसऱ्या गटाच्या जनुकीय अभ्यासात एकाच जातीत वेगवेगळी नक्षी आणि वेगवेगळ्या जातींत एकसारखी नक्षी आढळली. शिवाय नकला करणारे आहेतच. स्यूडोसेरॉस इमिटेटस हा चपटा कृमी फायलिडिएला पुस्तुलोसा या फायलिडियाच्या नात्यातल्या गोगलगायीची इतकी हुबेहूब नक्कल करतो की सरावलेली नजरही चुकते.

पण दिसणं म्हणजे नुसता रंग नव्हे, आणि माझा सगळा आग्रह इथेच आहे. त्या कृमीला खऱ्या शृंगिका नसतात, पुढची कड दुमडून तो त्यांचा आभास निर्माण करतो. क्रोमोडोरिसच्या पाठीवर मागच्या बाजूला कल्ल्यांचा तुरा असतो. फायलिडियाच्या पाठीवर तो नसतोच, तिचे कल्ले अंगाच्या कडेखाली, पायाच्या दोन्ही बाजूंना दडलेले असतात. या खुणा पाण्यातल्या उजेडाने बदलत नाहीत. खोल पाण्यात लाल रंग विरून जातो, तुरा विरत नाही.

डीएनएचं महत्त्व मी नाकारत नाही. पुस्तुलोसा या एका नावाखाली अनेक जाती असल्याचं त्यातूनच कळलं. मात्र नमुन्याच्या डीएनएचा क्रम ज्या संग्रहाशी ताडून पाहतात, त्यातल्या नमुन्यांना नावं कुणीतरी नीट निरखूनच दिलेली असतात. लामार्क या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने १८०१ साली वेरिकोसाला नाव दिलं, तेही रूप पाहूनच. आणि तपासणीसाठी सहसा जिवंत प्राण्याचा तुकडा घ्यावा लागतो, हा भाग मला लहान वाटत नाही.

एक विनंती मात्र सगळ्यांनाच. रेघ बघायची म्हणून फायलिडियाला उचलून उलटी करू नका. ती खाते त्या स्पंजांमधलं विष तिच्या चिकट स्रावात उतरलेलं असतं, आणि डिवचली की ती तो सोडते. प्रवाळाच्या कडेवरून वळताना ती पुढचा भाग उचलते, तेव्हा तळपाय क्षणभर दिसतो. कॅमेरा खाली धरून तेवढं थांबायचं. पुढच्या वेळी मीही तेच करणार आहे.