मिनिमाइझचं बटण कुणी नेलं?

शनिवारी सकाळी दुकानाचं शटर अर्धं वर गेलं होतं तेवढ्यात काकांचा फोन.

"अरे, तुज्या भाच्यान म्हजें बटण काडून उडयलां."

"खंयचें बटण?"

"जनेल सकयल धाडपाचें!"

(म्हणजे खिडकी खाली पाठवायचं, मिनिमाइझचं. आमच्याकडे गोव्यात खिडकीला जनेल म्हणतात. पोर्तुगीज गेले, जनेल राहिलं. काकांच्या तोंडी कॉम्प्युटरवरची विंडोसुद्धा जनेलच.)

प्रकार असा. काका चौऱ्याहत्तर वर्षांचे, निवृत्त मराठी शिक्षक. गावच्या जत्रेत होणाऱ्या नाटकांच्या जुन्या वह्या, कसर लागलेल्या, शाई पसरलेल्या, त्या टाइप करून ठेवायच्या हा त्यांचा सध्याचा उद्योग. कॉम्प्युटर माझ्या दुकानातून निवृत्त होऊन त्यांच्याकडे गेलेला. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ त्या जुन्या प्रोसेसरवर चढेना. भाचा इंजिनिअरिंगला. तो एका रविवारी आला, जेवला आणि संध्याकाळपर्यंत विंडोजच्या जागी फेडोरा (फुकट मिळणाऱ्या लिनक्सचा एक अवतार) टाकून मोकळा झाला. फेडोराच्या मुख्य आवृत्तीत डेस्कटॉप असतो ग्नोम, तोही कोरा, जसा बनवणाऱ्यांनी बनवला तसा. खिडकीच्या कोपऱ्यात एकच बटण, बंद करायचं. मिनिमाइझ नाही, मॅक्सिमाइझ नाही. खाली पट्टी नाही. डेस्कटॉपवर एक आयकन नाही. काका पहिल्यांदा म्हणाले होते, "हें सगळें खंय गेलें? घर रितें केल्लेवरी दिसता."

मी भाच्याला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "मामा, मला सांग, मिनिमाइझ केलेली खिडकी जाणार कुठे? खाली पट्टीच नाही. ठेवायला जागा नसेल तर लपवायचं बटण कशाला?" मग त्याने मला वर्कस्पेसवर, म्हणजे एकाच पडद्यावरच्या वेगवेगळ्या डेस्कटॉपांवर, एक व्याख्यान दिलं. एकावर नाटक टाइप करायचं, दुसऱ्यावर ब्राउझर, सुपरची (विंडोजच्या चिन्हाची) कळ दाबली की सगळं समोर. बोलणं चुकीचं नव्हतं. पण पोरगं ज्या उत्साहाने बोलत होतं त्यावरून कळलं की त्याला मुळात पट्टीची सवयच नाही. तो मोबाइलवर वाढला.

मी ग्नोम वापरतोय ते दुसऱ्या पिढीपासून, म्हणजे वीसेक वर्षं. दुकानात तीन मशीन. डीटीपीचं एक अजून विंडोजवर, कारण जुन्या फॉन्टातल्या लग्नपत्रिका दुसरीकडे उघडत नाहीत, तिथे तत्त्वज्ञान चालत नाही. बाकीची दोन, झेरॉक्स-प्रिंटची आणि ऑनलाइन फॉर्मची, लिनक्सवर. तेव्हा या भांडणात मला दोन्हीकडून बोलण्याचा थोडा हक्क आहे असं मी धरून चालतो.

ग्नोमची सुरुवात १९९७ची. मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना या दोघांनी केली. मिगेल हे नाव ऐकून आपल्याला तो मडगावचा वाटेल, पण दोघेही मेक्सिकोचे. तेव्हा केडीई नावाचा डेस्कटॉप वर्षभर आधी सुरू झाला होता, पण तो ज्या क्यूटी नावाच्या पायावर उभा होता त्याचा परवाना पुरता मुक्त नव्हता. म्हणून हा दुसरा. म्हणजे जन्मच मुळी 'आम्हाला हे पटत नाही' यातून झालेला. पुढे यांच्याशी न पटलेल्यांनीही तेच केलं, त्याची तक्रार कशाला करायची.

सुरुवातीच्या ग्नोममध्ये सेटिंगांचा बुजबुजाट होता. मग २००२च्या आसपास ग्नोम बनवणाऱ्यांपैकी हॅवॉक पेनिंग्टन वगैरे मंडळींनी मुद्दा मांडला की सेटिंग फुकट नसतं. एक टिकमार्कचा चौकोन वाढवला की तो तपासायला लागतो, त्याचे बाकीच्या चौकोनांशी लागेबांधे सांभाळायला लागतात, आणि खरं काय करायचं हा निर्णय घ्यायचं टाळून तो वापरणाऱ्याच्या गळ्यात मारला जातो. हा युक्तिवाद मला तेव्हाही पटला, आजही पटतो. त्याच वर्षी आलेलं ग्नोम २ सुटसुटीत होतं, आणि माझ्या दुकानात ते न कुरकुरता चाललं.

मग आलं २०११. एप्रिलमध्ये ग्नोम ३ आलं, मे महिन्यात त्याच्यासकट फेडोरा १५. मी उत्साहाने घातलं आणि जून लागला.

फोंड्यातला जून ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. दुपारी तीनला काळोख, वीज कडाडतेय, लाइट गेली. यूपीएस पीं पीं करू लागला. माझ्या यूपीएसची बॅटरी म्हणजे पाच मिनिटांचा पाहुणा. मशीन बंद करायला कोपऱ्यातल्या मेनूत गेलो तर तिथे 'सस्पेंड'. फक्त सस्पेंड. पॉवर ऑफ नाहीच. मी मेनू तीनदा उघडला, तीनदा मिटला. गिऱ्हाईक समोर, त्याची अर्धी टाइप झालेली जाहीर नोटीस पडद्यावर. पीं पींचा आवाज लांबला आणि सगळं काळं झालं.

रात्री शोधल्यावर कळलं की तो मेनू उघडून ऑल्टची कळ दाबून धरली की त्या सस्पेंडचंच पॉवर ऑफ होतं. ऑल्ट! ते कुठेही लिहिलेलं नव्हतं. त्यामागचा विचारही वाचला: लोक लॅपटॉप मिटतात, झोपवतात, बंद करायची गरज कुणाला? लॅपटॉपवाल्याला नसेल. पण टेबलावरच्या मशीनला बॅटरी नसते, ते झोपलेलं असताना लाइट गेली तर मेमरीतलं सगळं जातं. ज्याने तो मेनू आखला त्याच्या गावात वीज जात नसणार, एवढंच मी म्हणेन. पुढे दीडेक वर्षाने तो पर्याय उघड्यावर आला.

त्या वर्षी खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्सही वैतागून एक्सएफसीई नावाच्या दुसऱ्या डेस्कटॉपकडे गेले होते. काही काळाने वर एक्सटेन्शनं, म्हणजे बाहेरच्यांनी बनवलेले जोड-तुकडे, चढवून परतही आले. अर्जेंटिनातल्या एकाने जुनं ग्नोम २ पुढे चालू ठेवलं, त्याला तिकडच्या पेयाचं नाव दिलं, माटे. लिनक्स मिंट या दुसऱ्या अवतारवाल्यांनी सिनॅमन नावाचा आपला डेस्कटॉप काढला. मी दीड वर्ष माटेवर काढलं आणि मग गुपचूप ग्नोमवर परत आलो. का आलो ते सांगतो.

आमच्या मार्केटजवळ एक खानावळ आहे. तिथे मेनू कार्ड नाही. बसलं की ताट येतं: शीत, हुमण, सुकें, तळलेला नग आणि सोलकढी. सोमवारी नुस्तें (मासे) नाही, विचारायचंही नाही. मला ती खानावळ आवडते, कारण दुपारी दीड वाजता, दुकानात रांग असताना, मला अकरा पानांचं कार्ड वाचायचं नसतं. ग्नोम मला तसं आहे. सगळ्या ॲपना एकच वळण, सेटिंग शोधायला अर्धा तास नाही, सुपर दाबा, दोन अक्षरं टाइप करा, हवं ते उघडा. सुपर आणि स्पेस दाबलं की इंग्रजी कीबोर्डाचा मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड. माझ्या दुकानातली मुलगी पहिल्या दिवशी दचकली (माउस डावीकडे वरच्या कोपऱ्यात गेला आणि सगळ्या खिडक्या उडाल्या, तिला वाटलं तिने काही मोडलं), चौथ्या दिवसापासून ती माझ्यापेक्षा भराभर काम करते.

म्हापशाचा आमचा मित्र याच्या पार दुसऱ्या टोकाला. तो प्लाझ्मावाला, म्हणजे केडीईच्या डेस्कटॉपचा. त्याचा डेस्कटॉप म्हणजे म्हापशाचा शुक्रवारचा बाजार. चणे-खाज्यापासून चाळीस प्रकारच्या मिरच्यांपर्यंत सगळं. पट्टी कधी वर, कधी डावीकडे, खिडक्या जेलीसारख्या थुलथुलतात. तो मला 'हुकूमशाहीचा गिऱ्हाईक' म्हणतो. मी त्याला विचारतो, बाबा, यातून काम कधी करतोस? तो म्हणतो, हेच काम. त्याच्याशी वाद घालण्यात मजा आहे कारण तो कुणाला शिव्या देत नाही. फुकट मिळालेल्या गोष्टीवर बनवणाऱ्यांचा बाप काढणारे मला कळत नाहीत. प्लाझ्मा आहे, एक्सएफसीई आहे, जा की.

पण.

खानावळीत मेनू नाही हे मी पहिल्या दिवशी मान्य केलं. मान्य नाही ते हे, की दहा वर्षं रोज मिळणारी सोलकढी एके दिवशी ताटातून गायब व्हावी, आणि विचारलं तर वाढपी म्हणावा, ती पचनाला लागत नाही असं आमच्या लक्षात आलंय. ग्नोमने हे पुन्हा पुन्हा केलंय. २०१२मध्ये फाइल मॅनेजरमधून दुभंगलेली खिडकी काढली. एफ३ दाबलं की डावीकडे एक फोल्डर, उजवीकडे दुसरं. मी रोज संध्याकाळी त्यातच दिवसभराच्या फाइली गिऱ्हाइकांच्या फोल्डरांत लावत असे. २०१८मध्ये डेस्कटॉपवरचे आयकन काढले. प्रत्येक वेळी कारण तेच: कोड जुना झालाय, सांभाळणारं कुणी नाही. कारण खरंही असतं. पण ज्याला कोड लिहिता येत नाही त्याने काय सांभाळायचं? त्याची तर फक्त सवय असते, आणि ती त्याने स्वतःच्या वेळाने कमावलेली असते.

यावर भाच्यासारख्यांचं उत्तर तयार: एक्सटेन्शन घाला! म्हणजे सोलकढी घरून डब्यात आणा. आणली मी. खाली पट्टी आणणारं डॅश टू पॅनल घातलं, आयकनांचं घातलं. पण खानावळवाला दर मार्च-सप्टेंबरला ताट बदलतो आणि माझी वाटी त्या खोबणीत बसत नाही. २०२३च्या सप्टेंबरात ग्नोम ४५ आलं तेव्हा आतली रचनाच अशी बदलली की जुनं एकही एक्सटेन्शन जसंच्या तसं चालेना. प्रत्येकाच्या कर्त्याने ते नव्याने जुळवून देईपर्यंत थांबा. माझ्या दुकानातल्या दोन मशीनांवर तीन आठवडे पट्टी नव्हती.

दुसऱ्या बाजूला, जे खरंच हवं होतं त्याची वाट पाहायला लावली. फाइल निवडायच्या चौकटीत फोटोंची छोटी चित्रं दिसावीत ही मागणी २००४ची. ती पुरी झाली २०२३मध्ये, ग्नोम ४४ला. मधल्या काळात लिनक्सवाल्यांचा हा चेष्टेचा विषय झाला होता, पण माझ्या काउंटरवर चेष्टा नव्हती. ऑनलाइन फॉर्मला पासपोर्ट साइझ फोटो चढवायचा, समोर आयएमजी अमुक, आयएमजी तमुक अशी शंभर नावांची यादी. एकेक निवडून बघायचं. एका बाईंच्या फॉर्मवर जवळजवळ त्यांच्या जावेचा फोटो गेला असता. बाई बघत होत्या म्हणून वाचलो, आणि तेव्हा दोघींत बोलचाल नव्हती हे मला नंतर कळलं.

म्हणून माझं म्हणणं भाच्याला असं सांगितलं: तुझ्या ग्नोमने थोडं द्यावं, याला माझी ना नाही. मिनिमाइझ नको तर नको, पहिल्या दिवसापासून नको म्हणा, माणूस तसा शिकेल. पण दिलेलं काढून घेताना जरा हात थरथरू दे. तो म्हणाला, "मग सॉफ्टवेअर पुढे कसं जाणार मामा?" मी म्हटलं, जाऊ दे की पुढे, फक्त मागे बसलेल्याला उतरवून नको. तो हसला. त्याला पटलं नाही. त्याच्या वयात मलाही पटलं नसतं.

संध्याकाळी दुकान बंद करून काकांकडे गेलो. मिनिमाइझचं बटण परत आणणं हे एका मिनिटाचं काम, ट्वीक्स नावाचं छोटं ॲप घालायचं आणि एक खटका वळवायचा. मी ते डाउनलोडला लावलं आणि मॉनिटरकडे पाहिलं. खालच्या कडेला जुन्या लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूची पट्टी चिकटवलेली. त्यावर काकांच्या फळ्यावरच्या अक्षरात:

सुपर – सगळीं जनेलां
सुपर + एच – जनेल लिपयता
सुपर + स्पेस – मराठी

"हें केन्ना?"

"दनपरां. तुज्या भाच्यान फोनार सांगलें."

"मागीर बटण घालूं मूं?"

काकांनी चष्मा वर केला, पट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नाका. आतां शिकलां. पूण म्हाका एक सांग, हें तरी ते परत काडचे नात मूं?"

मी डाउनलोड रद्द केलं आणि चहा झालाय का ते बघायला आत गेलो.