लार्नाकाच्या नगरपालिकेत लागणारी लग्नं

नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘मन की बात’मधून पंतप्रधानांनी परदेशात जाऊन लग्नं करणाऱ्या कुटुंबांचा विषय काढला. लग्न देशातच करा, म्हणजे पैसाही देशात राहील, असं त्यांचं आवाहन होतं. तेव्हापासून आमच्या नात्यात कुणाचंही लग्न ठरलं की हा वाद निघतो. यंदा तो माझ्यापर्यंत आलाय, कारण भाचीला सायप्रसमध्ये लग्न करायचंय आणि मी तिथल्याच लार्नाका शहरात राहतो.

दाजींचं म्हणणं, लग्नाचा पैसा परदेशात जायला नको; खर्चाच्या बाबतीत मी त्यांच्या बाजूने आहे. निवडक पाहुण्यांची विमानाची तिकिटं काढायची आणि आजी-आत्यांनी मात्र लग्न मोबाइलवर बघायचं, हे मला पटत नाही.

पण इथे लग्नासाठी येणाऱ्या कितीतरी जोडप्यांना दुसरा पर्यायच नसतो. इस्रायलमध्ये आणि लेबनॉनमध्ये लग्न धर्मसंस्थेच्याच हातात आहे. लेबनॉनमध्ये मान्यता असलेले अठरा पंथ आहेत, आणि मुलगा मॅरोनाइट ख्रिश्चन, मुलगी शिया मुसलमान असली तर दोघांनी आपापला धर्म राखून तिथे लग्न करणं जवळपास अशक्य आहे. मग ती बैरूतहून तासाभराच्या आत विमानाने लार्नाकाला येतात. पासपोर्ट, जन्मदाखला, अविवाहित असल्याचा दाखला आणि दोन साक्षीदार घेऊन नगरपालिकेत उभी राहतात. जास्तीचं शुल्क भरून विशेष परवाना घेतला तर थोड्याच दिवसांत लग्न लागतं. परत गेल्यावर त्यांचं सरकार तेच लग्न नोंदवून घेतं! लेबनॉनमध्ये १९३६च्या फ्रेंच अमदानीतल्या हुकुमाने, इस्रायलमध्ये १९६३च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ही सोय झाली.

पुरोहिताशिवाय लग्न लागू शकतं हे सत्यशोधक समाजाने १८७३ मध्येच पुण्यात दाखवून दिलं होतं, याचा मला इथे फार अभिमान वाटतो. आपल्याकडे १९५४चा विशेष विवाह कायदाही आहे. धर्म न बदलता दुसऱ्या धर्माच्या व्यक्तीशी लग्न करता येतं. मात्र त्यासाठी दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात तीस दिवस राहिलेलं असावं लागतं, मग नोटीस कार्यालयात सर्वांना दिसेल अशी लावली जाते, आणि पुढचे तीस दिवस कुणीही हरकत घेऊ शकतं. घरच्यांपासून जीव मुठीत धरून पळालेल्या मुलीसाठी तो महिना किती मोठा असतो! त्यात डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र सरकारने आंतरधर्मीय लग्नांची माहिती गोळा करायला समिती नेमली. सज्ञान मुलामुलींच्या लग्नावर सरकारने अशी नजर का ठेवावी?

माझ्या भाचीचं लग्न दोन्ही घरांच्या संमतीने ठरलंय. ते सांगलीतही थाटात लागेल. ज्यांच्या लग्नाला घर आणि गाव दोन्ही आडवे येतात, त्या लातूरच्या किंवा परभणीच्या जोडप्याला लार्नाकाचं तिकीट परवडत नाही. लेबनॉनच्या पोरांना निदान तेवढी वाट आहे. दाजींना मी फोनवर हेच म्हटलं: परदेशी जाणाऱ्या पैशासाठी एवढं तावातावाने बोलता, तर त्या तीस दिवसांच्या नोटिशीबद्दलही बोला, आणि आपल्या आमदाराला त्याबद्दल विचारा.