गिदोनाची लोकर आणि आपलं भिजत घोंगडं

पाळकसाहेब, चर्च सोडावं की थांबावं हा विषय रविवारी रात्री साडेदहालाच काढावा. सकाळी दोन उपासना झालेल्या असतात, दुपारी एक साखरपुडा, संध्याकाळी चर्चचा कारभार पाहणारी पास्टोरेट कमिटी, आणि त्या कमिटीत 'पाळकसाहेबांचं पेट्रोल' या एकाच मुद्द्यावर पाऊण तास. अंगात त्राण नाही, पुढ्यात गार वरणभात. देवाचा आवाज याच घटकेला सर्वांत स्पष्ट ऐकू येतो आणि तो न चुकता 'सोड' म्हणतो. झोप झाली की सोमवारी तोच आवाज मंगळवारच्या प्रार्थनासभेचं विचारू लागतो, म्हणून सोमवारची वाट पाहू नये. राजीनामा तेव्हाच टाइप करून कमिटीच्या ग्रुपवर टाकावा. टाकलेलं पुसता येतं खरं, पण खजिनदार साडेदहाला जागाच असतो.

राजीनामा बिशपांच्या नावे लिहायचा असतो, त्यावर कोणत्या तारखेपासून मोकळं करावं ते घालायचं असतं आणि कमिटीला फक्त प्रत द्यायची असते, असल्या किरकोळ गोष्टींत पडू नये. तारीख नसलेला राजीनामा फार उपयोगी. तो मार्चमध्ये दाखवता येतो, जुलैत परत दाखवता येतो. तिसऱ्यांदा दाखवला की सेक्रेटरी शांतपणे म्हणतो, 'मंजूर करून टाकू या.' तेव्हा दचकायचं नाही.

दुसरी खबरदारी अशी, की प्रश्नाची फोड करू नये. हे गाव सोडायचं, ही जागा सोडायची, की सेवाच सोडायची, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. गावाला बदलीचं औषध आहे. पास्टोरेटचं काम झेपत नसेल तर वसतिगृह, मिशनचा दवाखाना, सेमिनरी अशा जागा असतात. आणि उपदेश लिहायला बसलं की वर्षानुवर्षं कागद कोराच राहतो, त्या दुखण्यावर यातलं कुठलंच औषध चालत नाही. तुम्ही मात्र तिन्ही एकाच भांड्यात शिजवावेत. कबरस्तानाच्या भिंतीवरून भांडण झालं, तर देवाने सेवेला बोलावलं या पाचारणावरच थेट शंका घ्यावी. उलट मन उडून दहा वर्षं झाली असतील, तर बदली मागावी. नव्या गावात कोरडेपणा तोच असतो, टेम्पोचं भाडं तेवढं वेगळं द्यावं लागतं.

आता चिन्ह. बायबलातल्या गिदोनाने देवाची आज्ञा खरी का हे ताडायला खळ्यात लोकर ठेवली. पहिल्या रात्री लोकर ओली आणि जमीन कोरडी. पिळली तर वाटीभर पाणी निघालं. दुसऱ्या रात्री उलट. दोन रात्रींत विषय संपला आणि गडी कामाला लागला. आपण इतके उतावळे नाही. आपली लोकर अशी: बिशपांनी फोन उचलला तर थांबायचं. उचलला, पण 'नंतर बोलू' म्हणाले. मग ईस्टरचं दान गेल्या वर्षीपेक्षा जास्त आलं तर थांबायचं. आलं, पण त्यात परदेशातल्या एका पाहुण्याचं पाकीट होतं, ते धरायचं का? असं करत करत लोकरीचं भिजत घोंगडं होतं. चार वर्षं जातात आणि त्या चार वर्षांत आपण ना धड गेलेले असतो, ना धड राहिलेले. मंडळीला, म्हणजे चर्चच्या सभासदांना, हे पहिल्या सहा महिन्यांतच कळलेलं असतं. बंगल्यामागच्या शेवग्याला पाणी घालणं पाळकसाहेबांनी सोडलं, यावरून.

या घोळाला इतिहासही हातभार लावतो. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा मंडळ्या एक झाल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभं राहिलं. त्यांत इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतले अँग्लिकन होते, त्यांच्यात पाळकाला बिशप पाठवतो. अमेरिकन मराठी मिशनच्या नगरकडच्या मंडळ्यांचा वारसा काँग्रिगेशनल, त्यात पाळकाला मंडळी बोलावते. घटना एक झाली, सवयी दोन्ही राहिल्या. त्यामुळे बिशपांना वाटतं आम्ही पाठवलं, कमिटीला वाटतं आम्ही आणलं आणि तुम्हाला वाटतं देवाने पाचारलं. पगार थकला की मात्र तिघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. पगार मागितला की तुम्ही सेवक असता, दफनविधीला दहा मिनिटं उशीर झाला की नोकर. सोडायचं ठरवताना या दोहोंपैकी आपण कोण, हे विचारू नये. उत्तर मिळालं तर निर्णयही होऊन बसेल.

राजीनाम्याच्या पत्रात खरं कारण लिहू नये. दानपेटी मोजताना एकच माणूस असतो, कोऱ्या चेकवर दुसरी सही आधीच मारून ठेवलेली असते आणि हे तुम्ही एकदा बोललात, हे कारण. पत्रात 'प्रभूच्या नव्या योजनेनुसार' असं घालावं. म्हणजे पुढच्या पाळकालाही तोच खजिनदार, तीच पेटी आणि तीच योजना मिळते.

पत्रात रेव्हरंड नारायण वामन टिळक अवश्य आणावेत. 1917 साली, वयाच्या पंचावन्नच्या आसपास, त्यांनी मिशनचा पगार सोडला, ख्रिस्ती संन्यासी झाले, 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला आणि 1919 च्या मे महिन्यात गेले. त्यांनी पगार सोडला तो दुसरा पगार धरायला नव्हे, एवढा फरक वाचणाऱ्याच्या लक्षात येणार नाही अशी आशा ठेवावी. तुमचा संस्थेतल्या समन्वयक पदाचा अर्ज गेल्याच आठवड्यात गेलाय. टिळकांचा प्रपंच कुणी रेटला हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'मुळे मराठी वाचकाला पाठ आहे. तो भाग पत्रात नको.

पाळकीणबाईंना शेवटी सांगावं. महिला मंडळाच्या सभेत त्यांना ते कळेलच. बंगला चर्चचा, विजेचं मीटर चर्चच्या नावावर, आधारवर पत्ता तोच, गॅसचं कनेक्शन त्याच पत्त्यावर, मुलाला मिशनच्या शाळेत फी माफ. हे सगळं त्यांना तोंडपाठ असतं, म्हणूनच त्यांच्याशी बोलण्यात धोका. त्या कागद घेऊन बसतील. इथे 22 हजार, बाहेर 35 हजार, म्हणजे 13 हजारांचा फायदा, हे तुमचं गणित. त्यातून घरभाडं 12 हजार आणि शाळेची फी 3 हजार वजा केली की राहतात 20 हजार, म्हणजे आत्तापेक्षा 2 हजार कमी, हे त्यांचं. डिपॉझिट आणि दलाल अजून आलेच नाहीत. देवावर विश्वास असलेल्या माणसाने वजाबाकी करू नये.

भविष्यनिर्वाह निधी लागू असेल, तर पगारपत्रकावर कापलेला दिसतो तेवढ्यावर समाधान मानावं. तो खात्यात भरलाय का हे पासबुकात पाहणं म्हणजे अविश्वास. ग्रॅच्युइटीचं म्हणाल, तर कायद्यात साधारणपणे सलग पाच वर्षांची अट आहे. पाळक त्यात बसतो का यावर वकील भांडतील. डायोसिसचे, म्हणजे बिशपांच्या प्रांताचे, नियम काय म्हणतात ते कार्यालयात एका दुपारी वाचून होतं. म्हणून ते न वाचता चार वर्षं दोन महिने झाल्यावर बाणेदारपणे बाहेर पडावं.

थांबायचं ठरलंच, तर अटी न घालता थांबावं. आठवड्याची एक सुट्टी, पेटी मोजायला दोन माणसं, थकलेल्या पगाराची तारीख, असं काही लेखी मागितलं की थांबण्यातला त्याग निघून जातो. त्यागाशिवाय थांबलेला पाळक उपदेशात सुस्कारे कुठून आणणार?

जायचं असेल, तर मुहूर्त उपवासकाळातला धरावा. ईस्टर उरकून, शाळेचा निकाल लागल्यावर, मे महिन्यात गेलं तर मुलांचं वर्ष वाचतं आणि बदल्याही साधारण तेव्हाच होतात. त्यात नाट्य काय? घोषणा गुड फ्रायडेलाच करावी. येशूने क्रुसावरून काढलेल्या सात उद्गारांपैकी, म्हणजे 'सात शब्दां'पैकी, कोणता कुणी उपदेशाला घ्यायचा यावर कमिटीत आधीच दोन तट असतात. 'पूर्ण झाले आहे' हा सहावा शब्द स्वतःकडे ठेवून त्यावर राजीनामा जाहीर केला, की सातव्या शब्दाचा वक्ता आयुष्यभर तुम्हाला माफ करत नाही.

चार्ज देताना बाप्तिस्मा, विवाह आणि दफन ही तिन्ही रजिस्टरं शेवटच्या नोंदीच्या क्रमांकासह यादीत लिहून दोघांनी सह्या करायच्या असतात. तुम्ही 'सगळं कपाटात आहे' एवढं सांगावं. बँकेतली सही तशीच राहू द्यावी. विश्वस्त म्हणून नाव लागलं असेल, तर धर्मादाय आयुक्तांकडे महाराष्ट्राच्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या कलम 22 प्रमाणे 90 दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याची नोंद, जायला हवा. तोही कुणीतरी करेल म्हणून सोडावा. पाच वर्षांनी मिशन कंपाउंडच्या जमिनीची नोटीस नव्या पत्त्यावर शोधत येते, तेवढाच मंडळीशी संबंध राहतो.

निरोपाच्या सभेत शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळेल. ज्यांनी पेट्रोलवर पाऊण तास घेतला, तेच अश्रू आवरत बोलतील आणि ते अश्रू खोटे नसतील, ही खरी पंचाईत. बाहेर टेम्पो उभा असतो, शेवगा वाळलेला असतो आणि नवे पाळकसाहेब किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन विचारत असतात, 'बंगल्याला पाणी किती वाजता येतं?'