आत्याच्या कालनिर्णयातला हिशेब

गेल्या नोव्हेंबरात वाईला माझी आत्या गेली. तिला नव्वद वर्षे पूर्ण झाली होती. मी जर्मनीतल्या एस्लिंगेनहून निघून घरी पोहोचेपर्यंत नववा दिवस उजाडला होता, त्यामुळे अंत्यदर्शन काही माझ्या वाट्याला आले नाही. वाट्याला आली ती माळ्यावरची आवराआवर. तिथे जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून सुतळीने बांधलेली एकतीस कालनिर्णये सापडली, 1988 पासून 2019 पर्यंतची, मधले एक वर्ष गहाळ. प्रत्येक तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने, मुंगीएवढ्या अक्षरात काही ना काही लिहिलेले. मार्च 2011 चे पान असे आहे: ‘दूध नाही.’ ‘गॅस लागला.’ ‘डबे 6.’ ‘अण्णांची पाठ लाल, पावडर. रात्री तीनदा कूस.’ ‘कोपऱ्यावरच्या सुनेला डिंकाचे लाडू.’ ‘रात्री चारदा.’

अण्णा म्हणजे माझे वडील, तिचे धाकटे भाऊ. 2009 मध्ये त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि पुढची सहा वर्षे ते अंथरुणाला खिळून होते. आई त्याआधीच गेलेली. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून अशा माणसाची कूस रात्रीतूनही दर दोन-तीन तासांनी बदलावी लागते, आणि ती बदलणारी आत्या तेव्हा पंचाहत्तरीला टेकली होती. दिवसा एक बाई मदतीला येत, त्यांचा पगार मी पाठवत असे. रात्री कोणी नसे.

तेराव्याच्या गोड जेवणानंतर ओट्यावर मंडळी बसली होती. आळीतल्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी चार शब्द बोलताना आत्याला ‘त्यागमूर्ती’ म्हटले, ‘अशी माणसे आता होणे नाही’ असेही म्हटले, आणि बायकांनी डोळ्यांना पदर लावले. त्यावर पुण्यात शिकणारी माझी पुतणी ताडकन म्हणाली, “आजोबा, त्याग कसला? सगळ्यांनी मिळून तिला आयुष्यभर राबवून घेतलं, असं म्हणा ना.” कोणीतरी घाईने बडीशेपेची वाटी पुढे केली आणि विषय पावसाकडे वळला.

मला दोघांचेही पटले नाही. आजोबांच्या बोलण्यात आत्या देवी होती आणि पुतणीच्या बोलण्यात बळी. दोन्हीकडे ती स्वतः डोके चालवणारी, मोजणारी, ठरवणारी बाई नव्हती. माळ्यावरून खाली आलेल्या त्या गठ्ठ्यातली बाई मात्र नेमकी तशी होती. आपण काय काम करतो, किती करतो आणि कोणासाठी करतो, हे तिला तारीखवार ठाऊक होते.

तिची कहाणी तशी त्या पिढीतल्या कित्येकींची आहे. सातवीची फायनल पास झालेली, आणि तेवढ्या शिक्षणावर त्या काळी प्राथमिक शाळेत शिक्षिकेची नोकरी मिळत असे. 1959 मध्ये, चोविसाव्या वर्षी, नवरा विषमज्वराने गेला आणि एक ट्रंक घेऊन ती माहेरी गणपती आळीत परत आली. नोकरीचा विषय निघाला होता म्हणतात. ‘मग घरात कोण बघणार?’ या माझ्या आजोबांच्या, म्हणजे तिच्या वडिलांच्या, एका वाक्यावर तो मिटला. पुढे तिने घरात बघितले. आजीचे शेवटचे दुखणे, दोन भावजयांची बाळंतपणे, आम्हा पाच भावंडांच्या शाळा, आजोबांचा दमा.

आणि बाहेरही बघितले, हे लोक विसरतात. वाईत मराठी विश्वकोशाचे कार्यालय आहे. त्याचा पहिला खंड 1976 मध्ये निघाला आणि त्या सुमारास बाहेरगावाहून कामाला आलेली, एकटी राहणारी मंडळी गावात खोल्या घेऊन राहत. त्यांतल्या काहींना आत्या डबा देई. तिच्या हातात स्वतःचा म्हणून पहिला पैसा आला तो या डब्यांचा. (गावात सगळ्या जगाचे ज्ञान खंडांत बसवले जात होते आणि आमच्या स्वयंपाकघरात कोणत्या विद्वानाला वांगे चालत नाही याची नोंद होत होती. मला दुसरी नोंदही तितकीच काटेकोर वाटते.) हिवाळा सरताना वाईच्या घाटांवर आळीपाळीने कृष्णाबाईचा उत्सव होतो. आमच्या आळीच्या उत्सवात प्रसादाला किती माणसे येतील आणि किती तांदूळ धुवायचा, हे ती नुसत्या मंडपाकडे बघून सांगे. समितीच्या फलकावर तिचे नाव कधी नव्हते. फलक पुरुषांचा होता. पण तांदूळ तिला विचारल्याशिवाय भिजत नसे.

आता तिकडे चाललेल्या वादाकडे येतो. जुलै 2024 पासून महाराष्ट्रात लाडकी बहीण योजना सुरू झाली: 21 ते 65 वर्षे वयाच्या, अडीच लाखांपेक्षा कमी वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबातल्या स्त्रियांना दरमहा 1500 रुपये. गावी गेलो की दोन बाजू ऐकतो. एक म्हणते, ही मतांसाठी वाटलेली रेवडी आहे, घरी बसून पैसे कशाचे? दुसरी म्हणते, हा भावाने बहिणीला दिलेला मान आहे. मला या दोन्ही बाजू एकाच चुकीवर उभ्या दिसतात. पैसे कशाचे, या प्रश्नाचे साधे उत्तर ‘कामाचे’ असे आहे, आणि ते उत्तर ना विरोधक देतात ना सरकार. केंद्र सरकारच्याच 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातले बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटे घालवतात आणि ते करणारे पुरुष 88. म्हणजे घरी बसून असे कोणी नसते. योजनेच्या नावात नाते आहे, कष्ट नाहीत. आणि नात्याने दिलेल्या ओवाळणीवर हक्क सांगता येत नाही, ती दात्याच्या मर्जीवर असते.

आत्याला त्यातले काही मिळण्याचा प्रश्नच नव्हता. योजना आली तेव्हा ती 89 वर्षांची होती. पासष्टीनंतरच्यांसाठी श्रावणबाळ योजना आहे, पण तिला कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची 21,000 रुपयांची मर्यादा आहे, आणि जर्मनीतून पैसे येणाऱ्या घराची ती बाई. पासष्टीला बायकांचे काम संपते अशी कल्पना ज्याने केली असेल, त्याने मार्च 2011 चे ते पान बघायला हवे.

न्यायालये याबाबत थोडी पुढे गेली आहेत, हे खरे. 2001 च्या जनगणनेत गृहिणींना भिकारी, वेश्या आणि कैदी यांच्या पंगतीत ‘काम न करणारे’ म्हणून बसवले होते, याकडे सर्वोच्च न्यायालयाने 2010 च्या एका निकालात बोट दाखवले. आणि जानेवारी 2021 मध्ये मोटार अपघाताच्या भरपाईच्या प्रकरणात, गृहिणीच्या कामाचे काल्पनिक उत्पन्न धरलेच पाहिजे, असे स्पष्ट केले. परंतु यातली गंमत अशी की हे उत्पन्न मोजायला बाई रस्त्यावर अपघातात सापडावी लागते. नव्वदीत झोपेत गेलेल्या बाईचा दावा कोणापुढे मांडायचा?

मी राहतो त्या देशात हे मोजण्याची पद्धत बरीच आधी बसली. आमच्या इमारतीत तळमजल्यावर चौऱ्याऐंशी वर्षांच्या आजी राहतात. त्यांची तिन्ही मुले 1992 च्या आधीची. प्रत्येक मुलाच्या संगोपनाची अडीच वर्षे त्यांच्या पेन्शनच्या खात्यावर जणू नोकरीची म्हणून जमा आहेत. जुलै 2025 पासूनच्या दराने एका वर्षाचा एक गुण 40.79 युरोंचा, म्हणजे साडेसात गुणांचे महिन्याला सुमारे 306 युरो त्यांना केवळ मुले वाढवल्याबद्दल मिळतात. त्यांना ही सरकारची कृपा वाटत नाही. ‘माझी वर्षे आहेत ती,’ असे त्या म्हणतात.

त्याशिवाय 1995 पासून शुश्रूषा विमा आहे. माझ्या पगाराच्या चिठ्ठीवर दर महिन्याला त्याची ओळ असते. ज्यांना मुले नाहीत त्यांच्याकडून हप्ता थोडा अधिक घेतात. माणूस परावलंबी झाला की तपासणीला कोणी येते, अवस्थेप्रमाणे श्रेणी ठरते, आणि घरच्यांनीच सेवा केली तरी पैसे मिळतात. अण्णांची अवस्था आजच्या श्रेणींत चौथ्या पायरीची धरली, तर 2025 च्या दराने महिन्याला 800 युरो. शिवाय सेवा करणारी व्यक्ती ठरावीक अटींत बसली तर तिच्या पेन्शनचा हप्ता विमा भरतो. आत्या या शेवटच्या लाभात बहुधा बसली नसती, कारण वृद्धापकाळाचे पूर्ण पेन्शन चालू झालेल्यांना तो सहसा मिळत नाही. म्हणजे वयाची कात्री इथेही आहेच.

हे वाचून ‘बघा, परदेशात कसे सगळे छान’ असे कोणी म्हणू नये. त्याच तळमजल्यावरच्या आजींच्या गळ्यात एक बटण असते. पडल्या तर दाबायचे. सकाळ-संध्याकाळ सेवा संस्थेची गाडी येते, मदतनीस वीस मिनिटांत अंघोळ आणि औषधे आटोपून पुढच्या घरी जाते, आणि मधले दहा तास आजी खिडकीशी बसतात. गेल्या ख्रिसमसला मी पुरणपोळी दिली तेव्हा त्यांनी मला पाऊण तास सोडले नाही. ज्यांना चोवीस तास माणूस लागते, त्यांच्या घरी पोलंड, रुमानिया, बल्गेरिया इथून बायका येऊन राहतात. रात्री हाकेला उठण्यासाठी जागे राहणे हेही काम आहे आणि त्यालाही किमान वेतन द्यावे लागेल, हे जर्मनीच्या सर्वोच्च कामगार न्यायालयाने सांगितले ते 2021 मध्ये, आणि तेही एका बल्गेरियन बाईने दाद मागितली म्हणून. तिच्या गावी तिच्या आईची कूस कोण बदलत होते, हे त्या निकालात नाही. साखळी लांबते, शेवटच्या कडीला कुठे तरी एक बाई बिनपगारी असतेच.

ती साखळी मला नीट कळते, कारण मी तिच्यातलाच आहे. मी इथे टिकलो, बढत्या घेतल्या, घर घेतले, ते वाईत रात्री कोणीतरी उठत होते म्हणून. अनिवासी भारतीय देशाला किती परकीय चलन पाठवतात याचे कौतुक दरवर्षी छापून येते. ते चलन कमावायला मोकळीक कोणी दिली, याचा रकाना नसतो. गावात मात्र माझ्याबद्दल ‘मुलगा जर्मनीत आहे, वडिलांना काही कमी पडू दिले नाही’ असे बोलले जाई, आणि मी ते ऐकून घेत असे.

माळ्यावर आणखी एक कागद होता: 1984 चे हक्कसोडपत्र. आजोबा गेल्यावर, 1956 च्या वारसा कायद्याने त्यांच्या हिश्श्यात आत्याचाही वाटा होता. तो तिने भावांच्या नावे सोडला. दस्तात शब्द आहेत, ‘प्रेमापोटी, आपखुशीने व विनामोबदला’. त्या दिवशी तिला साडी-चोळी दिली होती आणि घरात शिरा केला होता, असे माझी थोरली बहीण सांगते. हे घर पुढे वाटणीत अण्णांकडे आले आणि आता सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर माझे नाव आहे. तेराव्याला ज्या त्यागाचे गोडवे गायले गेले त्याचा सर्वांत मोठा लाभार्थी मीच, पहिल्या रांगेत, लोडाला टेकून बसलो होतो.

म्हणून मला ‘त्याग’ हा शब्द खुपतो. त्याग म्हटले की घेणाऱ्याने नमस्कार केला तरी पुरते. काम म्हटले, वाटा म्हटला, की देणे लागते. पुतणीचा राग मला आळीतल्या त्या ज्येष्ठांच्या कौतुकापेक्षा जवळचा वाटतो तो एवढ्यासाठीच, जरी ‘राबवून घेतलं’ या शब्दांत आत्याचे कसब, तिचा हट्ट आणि आळीतला तिचा दरारा मावत नसला तरी. सेवा करणाऱ्या बाईला पेन्शन असावे, ते तिच्या कामाबद्दल असावे, पासष्टीला तुटू नये, आणि ते कोणाची लाडकी असण्यावर अवलंबून नसावे. माझ्या पगारातून इथे जसा हप्ता कापला जातो तसा तिकडेही कमावणाऱ्यांकडून कापला जावा. आमच्यासारख्या, आईवडील मागे ठेवून गेलेल्यांकडून जरा अधिक घेतला तरी माझी हरकत नाही. आणि हक्कसोडपत्रावर सही घेण्याआधी बहिणीला तिच्या वाट्याची त्या दिवसाची किंमत रुपयांत लिहून दाखवण्याची सक्ती असावी. मग हवे तर तिने खुशाल सोडावा.

ती कालनिर्णये मी सामानातून इकडे आणली. रविवारी दुपारी एकेक महिना उलगडून अण्णांच्या सहा वर्षांतल्या ‘कूस’ मोजतो आहे. एका वहीत रेघा ओढतो. डिसेंबर 2012 पर्यंत आलो आहे. त्या महिन्यात मी तीन आठवडे सुट्टीवर घरी होतो. दहा तारखेच्या चौकोनात ‘बाळ आला, बासुंदी’ असे आहे. अकराला लिहिले आहे, ‘रात्री तीनदा. त्यातली एकदा बाळ.’ पुढच्या वीस दिवसांच्या चौकोनांत आकडे आहेत, डबे आहेत, गॅस आहे. माझे नाव पुन्हा एकदाच येते, एकतीस तारखेला: ‘बाळ गेला.’