पैसा हातात नाही, तरी कर? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

प्रतिक्रिया सडेतोड आहे, आवडली. तुमचं म्हणणं असं: एस कॉर्पोरेशनच्या (अमेरिकेतली अशी कंपनी, जिच्या नफ्यावरचा कर सहसा तिच्याऐवजी भागधारक भरतात) भागधारकाला न मिळालेल्या पैशावरही कर बसतो हे मी माझ्या लेखात साफ चूक लिहिलं, आणि सी कॉर्पोरेशनच्या (स्वतः कर भरणारी तिथली नेहमीची कंपनी) ‘दुहेरी करा’चा, म्हणजे एकाच नफ्यावर आधी कंपनीने आणि मग भागधारकाने भरायच्या कराचा, उगाच बागुलबुवा केला.

दुसऱ्या मुद्द्यावर तुम्ही निम्मे बरोबर आहात. सी कॉर्पोरेशन नफ्यावर २१ टक्के संघीय कर भरते. १०० डॉलरचे ७९ उरले आणि ते लाभांश म्हणून वाटले, तर १५ टक्के दराने आणखी ११.८५ जातात, भागधारकाच्या हाती ६७.१५. पण लाभांश दिलाच नाही, तर त्या वर्षी भागधारकाला काहीच भरावं लागत नाही. (पुढे शेअर नफ्यात विकला की भांडवली नफ्याचा कर गाठतोच.) हे मूळ लेखात यायला हवं होतं, राहून गेलं.

पहिल्या मुद्द्यावरून मात्र मी हटणार नाही. एस कॉर्पोरेशन सहसा स्वतः संघीय आयकर भरत नाही. नफा वाट्याप्रमाणे भागधारकांच्या विवरणपत्रात जातो, मग तो वाटलेला असो वा नसो. अमेरिकेत १९५८ पासून हेच चालू आहे.

माझं पहिलं के-१ (भागधारकाचा नफ्यातला वाटा दाखवणारा कराचा फॉर्म) आलं तेव्हा मीही असाच चिडलो होतो. कंपनीचा नफा ८०,००० डॉलर, माझा वाटा २५ टक्के. चौकट १ मध्ये २०,०००. वाटपाची चौकट १६ कोरी! सगळा पैसा उधारीत अडकलेला. हिशेबनिसाला फोन करून म्हटलं, आकडा चुकलाय. चुकला नव्हता. २० टक्क्यांची व्यवसाय-उत्पन्नाची वजावट धरूनही, २२ टक्के दराने ३,५२० डॉलर पदरचे भरले.

तुमची कंपनी बहुधा दरवर्षी सगळा नफा वाटून टाकते. म्हणून कर पैशामागून येतोय असं वाटतं.

ते २०,००० वाया मात्र जात नाहीत. माझा बेसिस, म्हणजे करासाठी धरली जाणारी गुंतवणूक, १०,००० होता, तो ३०,००० झाला. पुढे कंपनीने १२,००० दिले, त्यावर एक सेंटही कर नाही. बेसिस तेवढा उतरला, इतकंच.

आम्ही नंतर भागधारकांच्या करारात कलम घातलं: करापुरती रक्कम कंपनीने दरवर्षी वाटायचीच, आणि सगळ्यांना शेअरच्या प्रमाणातच, कारण एस कॉर्पोरेशनला शेअरचा एकच वर्ग चालतो, म्हणजे वाटपात प्रत्येक शेअरचा हक्क सारखाच. तुमच्या करारात असं कलम आहे का, बघून कळवा.