वाफ, डिझेल, वीज हा क्रम मुंबईचा नाहीच

रेल्वेवरच्या लेखांत एक चित्र हमखास असतं. आधी धूर ओकणारं वाफेचं इंजिन, मग डिझेल, मग विजेचं. शाळेच्या पुस्तकातल्या माकडापासून माणसापर्यंतच्या चित्रासारखं. मुंबईपुरतं तरी हे साफ चूक आहे, आणि त्या चुकीतून आज ‘डिझेल आता भंगारात काढा’ असे चुकीचे निष्कर्ष काढले जातात, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मुंबईत विजेची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला धावली. व्हीटी (आजचं सीएसएमटी) ते कुर्ला, हार्बर मार्गाने, १५०० व्होल्ट डीसीवर, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर. बनारसच्या कारखान्यातून पहिलं डिझेल इंजिन बाहेर पडलं ते १९६४ मध्ये. म्हणजे मुंबईच्या लोकलने वाफेवरून थेट विजेवर उडी मारली, डिझेल मागून आलं. आणि देशात ब्रॉडगेजवर वाफेची नियमित सेवा थांबली ती डिसेंबर १९९५ मध्ये, मुंबईत वीज आल्यावर ७० वर्षांनी.

इतक्या लवकर वीज का? धूर हे कारण होतंच, पण माझ्या मते खरं दुखणं होतं फलाट अडण्याचं. व्हीटी हे शेवटचं स्टेशन, रूळ बफरपाशी, म्हणजे गाडी अडवणाऱ्या अडसरापाशी, संपतात. वाफेचं इंजिन गाडी घेऊन तोंडानं आत शिरलं की तिथेच अडकलं. दुसऱ्या टोकाला दुसरं इंजिन लागून डबे बाहेर निघाल्याशिवाय त्याची सुटका नाही. सुटल्यावर शेडमध्ये जायचं, राख झाडायची, कोळसा-पाणी घ्यायचं, टर्नटेबलवर, म्हणजे फिरत्या चौथऱ्यावर, तोंड फिरवायचं. टँक इंजिन (कोळसा-पाणी स्वतःच्याच अंगावर वाहणारं) उलटंही चालतं, त्यामुळे फिरवणं वाचायचं, पण राख आणि पाणी कुणाला चुकलं नाही. विजेच्या लोकलला दोन्ही टोकांना केबिन. मोटरमन एका टोकाचा उतरतो, दुसऱ्या टोकाला दुसरा तयार असतो, गाडी निघते. आज तीन-चार मिनिटांनी गाडी सुटते ती या एका गोष्टीच्या जिवावर. वेग त्याच्या नंतर येतो.

धूर मात्र नाहीसा झाला नव्हता, फक्त जागा बदलली होती. रेल्वेने ठाकुर्लीला चोळा पॉवर हाऊस उभारलं, तेही कोळशावर. व्हीटीच्या छताखालचा कोळसा ठाकुर्लीच्या बॉयलरमध्ये गेला इतकंच. त्या वस्तीने गिळलेल्या धुराचा हिशेब कुठल्याच गौरवलेखात येत नाही, याचं वाईट वाटतं.

आता पुणे. १९२९ पर्यंत विजेच्या तारा कल्याणहून घाट चढून पुण्याला पोचल्या. बोर घाटात ३७ ला १ असा चढ. त्यावर वाफेची इंजिनं जीव काढायची, म्हणून घाटाचं विद्युतीकरण इतक्या आधी झालं. १ जून १९३० ला डेक्कन क्वीन सुरू झाली. पण तारा पुण्यातच थांबल्या. दौंडकडे वाफच राहिली, मिरजेकडची मीटरगेजही वाफेवरच. एकाच स्टेशनात पश्चिमेला विजेचं इंजिन, पूर्वेला कोळशाचं, असं कित्येक दशकं चाललं. पूर्वेच्या वाफेची जागा पुढे डिझेलने घेतली. दौंडपर्यंत तारा गेल्या त्या अगदी अलीकडे.

या तुटलेपणाची किंमत म्हणजे इंजिन बदलणं. ते कसं व्हायचं ते नीट पाहा. गाडी थांबली की दोन डब्यांच्या फटीत शिरावं तसा माणूस इंजिन आणि डब्याच्या मध्ये उतरतो. आधी ब्रेकची हवा नेणाऱ्या होजपाइपचे कॉक बंद, मग पाइप सोडवायचे, मग कपलिंग (डब्याला जोडणारा आकडा). जुनं इंजिन पुढे काढून दुसऱ्या रुळावर, नवं मागे येऊन हलकेच टेकतं. पुन्हा कपलिंग, पाइप, कॉक उघडा. मग ब्रेकपाइपमध्ये दाब चढेपर्यंत थांबा: इंजिनला दर चौरस सेंटिमीटरला ५ किलो, गार्डच्या डब्यात किमान ४.८. शेवटी ड्रायव्हर ब्रेक लावून दाब उतरवतो आणि गार्ड स्वतःच्या गेजवर तो उतरलेला बघतो. एखादा कॉक बंद राहिला तर मागच्या डब्यांचे ब्रेक लागतच नाहीत, आणि ते फक्त या तपासणीतच पकडलं जातं. घाई केली की इथेच घात होतो.

डिझेलबद्दल फलाटावर सगळ्यात जास्त राग असायचा तो काळ्या धुराचा. त्याचं कारण आळस नव्हतं. जुन्या २६०० अश्वशक्तीच्या डब्ल्यूडीएम-२ मध्ये ड्रायव्हरने नॉच (जोर वाढवायच्या दांड्याची पायरी) वाढवला की इंधन लगेच जास्त जायचं, पण इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या टर्बोचार्जरला वेग पकडायला वेळ लागायचा. हवा कमी, तेल जास्त, म्हणून काजळी. नॉच सावकाश वाढवणाऱ्या ड्रायव्हरचं इंजिन कमी धूर टाकायचं. आणि उभं इंजिन तासन् तास चालू का ठेवायचे? बॅटरी उतरलेली असेल तर पुन्हा सुरू होण्याची खात्री नसायची.

मुंबईतला दुसरा मोठा बदल लोकांच्या नजरेतून निसटला: डीसी ते २५,००० व्होल्ट एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारी वीज. पश्चिम रेल्वेवर तो फेब्रुवारी २०१२ मध्ये पुरा झाला, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर जून २०१५ ला, हार्बरवर एप्रिल २०१६ ला. गणित सोपं आहे. गाडीला ३ मेगावॅट लागले तर १५०० व्होल्टला २००० अँपिअर, २५,००० ला फक्त १२०. जाड तार आणि दर काही किलोमीटरवर सबस्टेशन यातून सुटका झाली. पण रुळांतून परतणारा प्रवाह बदलला, म्हणून सिग्नलचे ट्रॅक सर्किट (रुळावर गाडी आहे का ते ओळखणारी जोडणी) बदलावे लागले. व्होल्टेज जास्त, म्हणून ताराही पुलांपासून जास्त दूर हव्या, आणि दक्षिण मुंबईतले पूल वाफेच्या काळातले, बुटके. सँडहर्स्ट रोडजवळचा हँकॉक पूल जानेवारी २०१६ मध्ये पाडला, त्यामागे ही उंची एक मोठं कारण होतं.

आता मुद्द्यावर येतो. कोकण रेल्वेचं विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झालं. कोकणकन्या, मांडवी वर्षानुवर्षे डिझेलवर धावल्या, त्या आता विजेवर आहेत. आनंदच आहे. पण ‘डिझेल आता भंगारात काढा’ ही भाषा मला पटत नाही. मोठ्या प्रत्येक यार्डात दोन-तीन डिझेल इंजिनं चालू स्थितीत हवीतच, त्यांचे ड्रायव्हर सरावात हवेत आणि बॅटऱ्या चार्ज हव्यात.

कारण तार तुटते. पावसात झाड पडतं, पँटोग्राफ (छतावरचा, तारेतून वीज घेणारा सांगाडा) तारेत अडकतो. मग आधी पुरवठा बंद करून घ्यायचा, लेखी परवानगी घ्यायची, कामाच्या दोन्ही बाजूंना तारेतली वीज जमिनीत नेणारे अर्थिंग रॉड लावायचे. दोन्ही बाजूंना अशासाठी, की शेजारच्या चालू तारेमुळे बंद तारेतही जीवघेणा विद्युतदाब तयार होतो. त्याशिवाय तारेच्या २ मीटरच्या आत कुणी जायचं नाही. तोवर मागे तीन गाड्या बोगद्याच्या तोंडाशी अंधारात उभ्या असतात. त्यांना ओढून आणायला जे येतं ते डिझेल इंजिन असतं, आणि तार जोडायला माणसं घेऊन जी टॉवर वॅगन येते तीही डिझेलवरच चालते.